विहिरीवरचा पंप किती टक्के काम करतो? कार्य, शक्ती आणि कार्यक्षमता वावरात मोजण्याची रीत

तीन एचपीचा पंप सुरू आहे. पाणी पंधरा मीटर खालून येतंय आणि दोनशे लिटरचा ड्रम ३३ सेकंदांत भरतोय. हिशेब केला तर पाण्याला मिळणारी शक्ती निघते ८९१ वॅट. मोटरच्या पाटीवर ३ एचपी लिहिलंय, म्हणजे २२३८ वॅट. आणि विजेचा मीटर सांगतो की आत २८१२ वॅट जातायत. हे तिन्ही आकडे खरे आहेत. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्याचा सगळा जीव त्यांच्यातल्या फरकात आहे, आणि हा फरक मुलांना वावरात उभं राहून स्वतः मोजता येतो.

खाली तीच रीत दिली आहे. सामान घरातलंच लागतं: टेप, दोर, बादली, ड्रम, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक हुकाचा स्प्रिंगकाटा. कार्यक्षमता म्हणजे उपयोगी निघालेली ऊर्जा भागिले आत घातलेली ऊर्जा, गुणिले १००. सूत्र एवढंच. अडचण अशी होते की मुलं एकच बाजू मोजतात आणि दुसरी पाटीवरून किंवा पुस्तकावरून उचलतात. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

आधी शब्दांची साफसफाई

बोलण्यात शक्ती म्हणजे जोर. भौतिकशास्त्रात शक्ती म्हणजे काम किती वेगानं झालं ते, म्हणजे दर सेकंदाला किती ज्यूल. जोराला इथे बल म्हणतात आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. कापसाचं चाळीस किलोचं गाठोडं डोक्यावर घेऊन सपाट धुऱ्यावरून शंभर मीटर चाललात, तर घाम येतो, मान दुखते, पण तुम्ही गाठोड्याला वर दिलेल्या आधाराचं कार्य शून्य. आधार वरच्या दिशेला आणि विस्थापन आडवं, दोन्ही काटकोनात. तेच गाठोडं बंडीवर दीड मीटर उंच चढवलंत की ४० × ९.८ × १.५ = ५८८ ज्यूल कार्य झालं (९.८ म्हणजे गुरुत्वत्वरण, त्यानं गुणलं की किलोचे न्यूटन होतात). “मग चालताना थकवा का येतो?” हे मुलं विचारतातच, आणि विचारायलाच हवं. वजन नुसतं तोलून धरायलाही स्नायूंतले तंतू सारखे आखडत आणि सैल होत राहतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होऊन तिची उष्णता होते. ती ऊर्जा शरीरात खर्च होते, गाठोड्यात साठत नाही.

दुसरा गोंधळ युनिटचा. विजेचं १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे ३६,००,००० ज्यूल. ही ऊर्जा आहे, शक्ती नाही. “आमची मोटर तीन युनिटची आहे” हे वाक्य त्यामुळे अर्धवट ठरतं. तासाला तीन युनिट म्हटलं तर शक्ती कळते.

पहिलं मोजमाप: दोर आणि बादली

पंपाकडे जाण्याआधी हे कराच, कारण इथे ऊर्जेचा एकेक ज्यूल कुठे गेला ते दाखवता येतं. विहिरीला पक्का कठडा नसेल तर विहिरीवर करू नका. शाळेच्या पहिल्या मजल्याच्या कठड्याला कप्पी बांधा आणि खाली उभं राहून ओढा. उंची कमी होईल, टक्केवारी फारशी बदलणार नाही. खालचं उदाहरण मात्र बारा मीटर खोल पाणी असलेल्या विहिरीचं घेतलंय.

बादलीत १० लिटर पाणी मोजून घ्या. रिकाम्या बादलीचं आणि कोरड्या दोराचं वजन आधीच करून ठेवा. समजा बादली १ किलोची आणि दोर १.२ किलोचा. कप्पीवरून आलेल्या दोराच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवा आणि तो धरून विहिरीपासून सरळ लांब चालत जा, मोटेचे बैल धावेवरून चालत तसे. हातावर हात टाकून ओढलं तर काटा वाचता येत नाही. काट्यावर मोबाइलचा व्हिडिओ सुरू ठेवा, आकडे नंतर सावकाश लिहून काढा. बाजारात मिळणारे डिजिटल काटे बहुतेक वेळा पहिला स्थिर आकडा आला की तिथेच अडकतात, म्हणून साधा स्प्रिंगचा काटा घ्या.

बादली उचलली जाते त्या क्षणी काटा जास्त दाखवतो. तो आकडा घेऊ नका, कारण त्या वेळी बादली नुकती वेग घेत असते आणि त्यासाठी वेगळं बल लागतं. चाल सारखी झाली की वाचा. बादली वर येईल तसा काटा थोडा थोडा उतरतो, कारण विहिरीत लोंबणारा दोर कमी होत जातो. म्हणून तळाशी, मध्ये आणि वर असे तीन आकडे घेऊन सरासरी काढा.

समजा सरासरी १२.७५ किलो आली. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. काटा किलो दाखवतो, बल न्यूटनमध्ये हवं. म्हणून १२.७५ × ९.८ = सुमारे १२५ न्यूटन. बारा मीटर ओढल्यावर तुम्ही घातलेलं कार्य १२५ × १२ = १५०० ज्यूल. पाण्याला मिळालेली स्थितिज ऊर्जा १० × ९.८ × १२ = ११७६ ज्यूल. कार्यक्षमता ७८ टक्के.

आता उरलेले ३२४ ज्यूल शोधा. रिकामी बादली वर आणायला १ × ९.८ × १२ = ११८ ज्यूल गेले. दोर सुरुवातीला पूर्ण लोंबत होता आणि शेवटी जवळपास काहीच नव्हता, म्हणून त्याचं सरासरी वजन ०.६ किलो धरा: ७१ ज्यूल. राहिले सुमारे १३५. ते कप्पीच्या आसात घर्षणानं उष्णता होऊन गेले. म्हणजे घर्षणाचं बल १३५ ÷ १२, सुमारे ११ न्यूटन.

हे घर्षण वजाबाकीतून निघालं, म्हणून त्याची उलटतपासणी हवी. भरलेली बादली त्याच सारख्या चालीनं खाली सोडा आणि काटा वाचा. वर ओढताना काट्यावर वजन अधिक घर्षण येतं, खाली सोडताना वजन वजा घर्षण. दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा अर्धा म्हणजे घर्षण. वर १२.७५ आणि खाली साधारण १०.४५ किलो आले, तर अर्धा फरक १.१५ किलो, म्हणजे ११ न्यूटनच्या आसपास. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मुलांचा त्या आकड्यावर विश्वास बसतो. मग कप्पीच्या आसाला ग्रीस लावा आणि परत ओढा. काटा खाली आलेला दिसेल.

वेळही लिहून ठेवा. बादली ३० सेकंदांत वर आली असेल तर उपयोगी शक्ती ११७६ ÷ ३० = ३९ वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे या कामात माणसानं एचपीचा एकोणिसावा हिस्सा दिला.

दुसरं मोजमाप: पंप

स्टार्टर, केबल, फ्युज यांना मुलांनी हात लावायचा नाही. मोटर सुरू-बंद करणं, घरच्या मोठ्या माणसाचं काम. ओल्या वावरात उघड्या पायानं स्टार्टरच्या पेटीजवळ जाऊ नये, हे प्रयोगाआधी सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगा.

तीन गोष्टी मोजायच्या आहेत: उंची, पाण्याचा प्रवाह आणि आत जाणारी वीज.

उंची म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून पाइपच्या तोंडापर्यंतचं उभं अंतर. विहिरीची खोली नाही, पाइपची लांबी नाही, फूटव्हॉल्व्हपर्यंतचं (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या टोकाला असलेल्या झडपेपर्यंतचं) अंतरही नाही. फूटव्हॉल्व्ह पाण्यात तीन मीटर बुडलेला असला तरी त्या तीन मीटरांसाठी पंपाला वेगळं काम पडत नाही, बाहेरच्या पाण्याचा दाब तेवढं पाणी पाइपात आपोआप चढवतो. दोराला दगड बांधून सोडा, पाण्याला लागल्याचं हाताला कळलं की खूण करा. पाइपचं तोंड कठड्यापेक्षा उंच किंवा दूरच्या वावरात खाली असेल, तर तो फरक पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी लेव्हल घेऊन मोजा. फुटांत मोजलं तर ०.३०५ नं गुणा.

ही उंची पंप पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर घ्या. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींत झरे हळू असतात. पंप सुरू झाला की पाणी झपाट्यानं उतरतं. सकाळी बंद पंपाची घेतलेली उंची आणि दुपारच्या चालू पंपाचा प्रवाह एकत्र गुणले तर उत्तर चुकतं.

प्रवाहासाठी ड्रम. दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरला तर त्यात दोनशेपेक्षा जास्त पाणी बसतं. म्हणून आधी मोजलेल्या बादल्यांनी २०० लिटर ओतून आतून खडूनं नाही, रंगानं रेघ मारा. ड्रम जमिनीवर ठेवून पाइप वर उचलला तर पंपाला सुमारे तीन फूट जास्त उंची चढवावी लागते आणि प्रवाह बदलतो. म्हणून ड्रम खड्ड्यात बसवा, किंवा पाइप उचलल्यावर जी उंची झाली तीच हिशेबात घ्या. पाणी बाहेर उडू देऊ नका. तीन वेळा भरा. ३२, ३४, ३३ सेकंद आले तर ३३ घ्या. एखाद्या वेळी ४० आलं तर सरासरीत मिसळू नका, आधी कारण शोधा. व्होल्टेज पडलं असेल किंवा पंपानं हवा ओढली असेल.

हौद असेल तर तो ड्रमपेक्षा चांगला. लांबी, रुंदी आणि दहा मिनिटांत पाणी किती सेंटिमीटर चढलं ते मोजलं की प्रवाह निघतो. वेळ मोठी, म्हणून चूक लहान.

वीज मीटरवरून. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या तोंडावर छापलेलं असतं. समजा ८०० आहे. म्हणजे एका लुकलुकीला ३६,००,००० ÷ ८०० = ४५०० ज्यूल. पहिली लुकलुक दिसली की स्टॉपवॉच सुरू करा आणि मनात शून्य म्हणा, एक नाही. विसावी आली की थांबवा. वीस लुकलुकींना ३२ सेकंद लागले तर ९०,००० ÷ ३२ = २८१२ वॅट. त्या वेळी त्या मीटरवर दुसरं काही चालू नको.

खूप शेतपंपांना मीटर नसतो. मग पाटीकडे वळावं लागतं, आणि पाटी काय सांगते ते नीट समजून घ्या. पाटीवरची एचपी म्हणजे मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती. आत जाणारी वीज नव्हे, आणि पाण्याला मिळणारी शक्ती तर नाहीच. तीही पूर्ण भारावरची. वायरमनकडे क्लॅम्प मीटर असेल तर त्यानं करंट मोजून द्यावा. तीन फेजला शक्ती = १.७३ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खऱ्या शक्तीत उतरतो तो आकडा. ४१५ व्होल्ट, ४.९ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर २८१८ वॅटच्या आसपास येतात. पॉवर फॅक्टर विसरलात तर ३५०० च्या वर आकडा जातो आणि पंप आहे त्यापेक्षा वाईट दिसतो.

आता हिशेब. २०० ÷ ३३ = ६.०६ लिटर दर सेकंदाला, म्हणजे तितकेच किलो. ६.०६ × ९.८ × १५ = ८९१ वॅट. ८९१ ÷ २८१२ = ३१.७ टक्के.

वहीत मात्र “३२ टक्के, दोन इकडेतिकडे” असं लिहा. ड्रमच्या रेघेत तीन टक्के, वेळेत दीड, उंचीत सव्वा, मीटरच्या मोजणीत एक टक्का चूक सहज होते. गुणाकार-भागाकारात या चुका जास्तीत जास्त बेरजेइतक्या वाढतात, म्हणजे सुमारे सात टक्के. ३२ चे सात टक्के म्हणजे दोन. कॅल्क्युलेटरवर दिसतात म्हणून ३१.६८५ लिहिणं म्हणजे जे मोजलंच नाही ते मोजल्याचं सांगणं.

उरलेले ६८ टक्के

मोटरच्या गुंडाळीत आणि लोखंडात साधारण पाचवा हिस्सा उष्णता होतो. व्होल्टेज कमी आलं तर तेवढंच काम ओढायला मोटर जास्त करंट घेते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, दीडपट करंटला सव्वादोनपट उष्णता. उन्हाळ्यात एका डीपीवर (वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवर) भार वाढला की मोटरी जळतात त्या यामुळे.

त्यानंतर पंपाचा पंखा. वाळू-गाळानं पंख्याची कड झिजली की त्याच्या आणि खोक्याच्या मधल्या फटीतून पाणी परत मागे फिरतं. तेच पाणी पुन्हा ढकललं जातं, वीज खर्च होते, वर काही येत नाही. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ आणि पाला अडकला तर पाणी ओढतानाच अडतं. जमिनीवरचा पंप मुळात ओढत नाही. तो आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. हवेचा दाब फार तर १० मीटर पाणी पेलतो, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंपात बुडबुडे होऊन खडखड आवाज येतो. पाणी उतरलं की पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवतात ते म्हणूनच.

पाइपकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि नुकसान तिथे मोठं होतं. तोच प्रवाह अडीच इंचीऐवजी दोन इंची पाइपातून नेला, तर घर्षणात जाणारी उंची साधारण तिप्पट होते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घातानं बदलते: १.२५ चा पाचवा घात ३.०५. विहिरीपासून दूरच्या वावरात दोन इंची पाइप साठ मीटर नेला असेल, तर आपल्या प्रवाहाला त्यात दहा मीटरपेक्षा जास्त उंचीइतकी ऊर्जा जाते. पंधरा मीटर खरी उंची आणि वर दहा मीटर पाइपच्या घर्षणाची! दुकानदार ‘हेड’ विचारतो तेव्हा ही दोन्ही मिळून सांगावी लागते.

पाइपच्या तोंडातून पाणी जोरात फेकलं जातं, तीही वाया जाणारी गतिज ऊर्जाच. पण ती किती, ते मोजल्याशिवाय बोलू नये. दोन इंची पाइपातून आपला प्रवाह सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगानं येतो. एका किलोची गतिज ऊर्जा ½ × ३ × ३ = ४.५ ज्यूल. तेच किलो पंधरा मीटर चढवायला १४७ ज्यूल. म्हणजे तीन टक्के. डोळ्याला मोठी दिसणारी धार हिशेबात लहान असते.

साफ केल्यावर परत मोजा

समजा जाळी साफ केली, सक्शनच्या (पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाइपच्या) जोडातली गळती बंद केली आणि ड्रम २८ सेकंदांत भरला. प्रवाह ७.१४ लिटर, उपयोगी शक्ती १०५० वॅट. इथे मुलं जुनेच २८१२ वॅट घेऊन भागतात. ते चुकीचं आहे. अशा पंपातून पाणी जास्त निघालं की तो वीजही थोडी जास्त घेतो. मीटर परत मोजा. वीस लुकलुकींना ३१ सेकंद लागले तर २९०३ वॅट, कार्यक्षमता ३६ टक्के.

चार टक्क्यांनी काय होतं? एक एकर, म्हणजे ४०४७ चौरस मीटर, पाच सेंटिमीटर पाण्यानं ओलीत करायचं तर सुमारे २,०२,००० लिटर लागतात. आधीच्या प्रवाहानं ९ तास १६ मिनिटं आणि २६ युनिट. आता ७ तास ५२ मिनिटं आणि पावणेतेवीस युनिट. विजेची पाळी आठ तासांची असेल तर आधी एकराचा एक तुकडा कोरडा राहायचा, आता लाइन जायच्या आत पाणी शेवटच्या दांडापर्यंत पोचतं.

उष्णतेची बाजू: चूल आणि हीटर रॉड

एक किलो पाणी एक अंशानं तापवायला ४१८६ ज्यूल लागतात, म्हणून दोन लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायला २ × ४१८६ × ७० = ५,८६,००० ज्यूल. पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्या) वाळलेल्या असतील तर एका किलोत साधारण १६० लाख ज्यूल धरा. ३५० ग्रॅम जळाल्या तर ५६ लाख ज्यूल, कार्यक्षमता साडेदहा टक्के. तीन दगडांच्या चुलीला दहाच्या आसपासच येतं. ओल्या काड्या वापरल्या तर आधी त्यांच्यातलं पाणी उडवण्यात ऊर्जा जाते आणि आकडा घसरतो. शेवटी उरलेले कोळसे विझवून वजा करतात, पण नुसतं वजन वजा करणं पुरेसं नाही. कोळशात किलोमागे काडीच्या जवळपास दुप्पट ऊर्जा असते. भांड्यावर झाकण ठेवून एकदा आणि न ठेवता एकदा मोजा.

हीटर रॉडवर पाच लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला ७,३२,५५० ज्यूल. १००० वॅटच्या रॉडला ८०० सेकंद लागले तर ९२ टक्के. थर्मामीटर घालण्याआधी प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही.

हाच प्रयोग संध्याकाळी केला आणि १०५८ सेकंद लागले, तर पाटीप्रमाणे ६९ टक्के येतात. रॉड बिघडलेला नाही. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले असतील, तर रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं घटून ७५६ वॅट होते. घरगुती मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट असेल तर एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. मीटरवरून मोजा, कार्यक्षमता परत ९२ येईल. पाटीवर विसंबू नका हे इथे पंपापेक्षाही स्वच्छ दिसतं.

मग रॉड चुलीपेक्षा नऊपट चांगला का? साखळी पूर्ण धरा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. अशा केंद्रांत कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश, थोडी जास्त, वीज होते. बाकीची कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून जाते. ३५ टक्के केंद्राचे, तारांमधून ८५ टक्के पोचते असं धरलं, तर ०.३५ × ०.८५ × ०.९२ = ०.२७. सत्तावीस टक्के. पंपासाठी ०.३५ × ०.८५ × ०.३२, म्हणजे कोळशातल्या शंभर ज्यूलपैकी साडेनऊ पाण्यात पोचतात. साखळीत टक्के गुणायचे असतात, बेरीज किंवा सरासरी करायची नसते.

शंभराच्या वर आलं तर

कार्यक्षमता ११० किंवा ३०० आली तर वहीतच चूक आहे. मिनिटांचे सेकंद केले नसतील. फुटांचे मीटर केले नसतील, मग उत्तर ३.३ पट फुगतं. काट्याचे किलो न्यूटन समजून भागले असतील, मग ९.८ पट. मीटरची ओळ वाचताना ३२०० च्या जागी भलताच आकडा घेतला असेल. उलट दहाच्या खाली आलं, तर विहिरीची उंची पंप बंद असताना घेतली होती का आणि मीटरवर दुसरा पंप होता का ते बघा.

परीक्षेच्या उदाहरणांत पंपाची शक्ती एचपीत दिली आणि कार्यक्षमता वेगळी दिली नाही, तर ती पाण्याला मिळणारी शक्ती समजून सोडवायचं असतं. प्रत्यक्षात तसं नसतं हे तुम्हाला आता माहीत आहे, पण तिथे गणितातली अट पाळा. ताशी किलोमीटर आले की ५/१८ नं गुणा: ७२ म्हणजे २०. एसटीचा वेग ३६ वरून ७२ झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, दुप्पट नाही. ब्रेक तेवढ्याच जोरानं लागले तर थांबायला अंतरही चौपट लागतं.

पंपाचं मोजमाप वर्षातून दोनदा घ्या, एकदा कार्तिकात आणि एकदा वैशाखात. कार्तिकात पाणी वर असतं, उंची आठ मीटरवर येते, ड्रम भराभर भरतो, आणि तरी टक्केवारी कमी येऊ शकते. पंप ठरावीक हेडसाठी बनलेला असतो. त्यापेक्षा हेड खूप कमी झालं तर प्रवाह वाढतो, पण पंख्याच्या पात्यांचा कोन त्या प्रवाहाला जुळत नाही, पाणी आतल्या आत घुसळतं आणि मोटर जास्त करंट ओढते. दोन्ही मोसमांतली उंची, प्रवाह आणि वॅट एका पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवा. नवा पंप घ्यायची वेळ आली की दुकानात तेच पान दाखवा, आणि वर्षातले जास्त दिवस जी उंची असते त्या हेडचा पंप मागा.